तिसरी फळी

बाग सेवनिया, भोपाळ
२९ जुलै २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण नेहमीचंच. सासूबाईंनी अंथरूण धरलं त्याला परवा दोन वर्षं झाली. सकाळी त्यांचं सगळं आवरून ऑफिस गाठायचं, घरी आलं की पुन्हा त्यांचं आवरायचं, आणि पराग बरखेड्याच्या कारखान्यात ज्या पाळीला असेल त्या वेळेला त्याचा डबा. हे पत्रसुद्धा शाहपुऱ्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. तुमची नात श्रुती पुण्याला मजेत आहे असं तिच्या फोटोंवरून कळतं.

तुम्ही विचारलंत, तो ‘कराटा’ अजून चालू आहे का. आहे. आता एकदा सगळं सांगूनच टाकते. आठ वर्षांपूर्वी श्रुतीला कॉलनीच्या हॉलमधल्या क्लासला घातलं, तेव्हा मी बाकावर बसून असायची. ती तिसऱ्या महिन्यात कंटाळली आणि तिच्या जागी मी उभी राहिले, ती अजून उभीच आहे. आता आम्हा बायकांची वेगळी बॅच आहे, बारा जणी, संध्याकाळी सहा ते सात. त्या एका तासात मला घरून किंवा ऑफिसातून कोणी हाक मारत नाही. एवढ्यासाठीच मी जाते असं म्हणालात तरी चालेल.

पण आमचे जितेंद्र सर डिसेंबरात कायमचे इंदूरला चालले. ब्लॅक बेल्ट असलेलं माणूस शिकवायला नसेल तर बॅच बंद, असा संस्थेचा नियम आहे. बारा जणींत तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचलेली मी एकटी. मी पास झाले तर बॅच माझ्याकडे येईल, नाहीतर गेली. परीक्षा वीस ऑक्टोबरला आहे. बाकीचं सगळं मला येतं, माझं अडतं ते फळ्यांशी. दोन बाजूंना विटा, त्यावर पाइनच्या तीन फळ्या, मध्ये पेन्सिली ठेवून एकीवर एक रचलेल्या. तळहाताच्या मनगटाजवळच्या गादीने एका फटक्यात तिन्ही फोडायच्या. पहिली फुटते, दुसरी कधीतरी फुटते, तिसरी जागची हलत नाही. सर म्हणतात, दिमाग खाली रखो. इकडे खाली म्हणजे रिकामं, नाहीतर तुम्ही समजाल की मी मान खाली घालून मारते. माझं डोकं रिकामं होत नाही बाबा. हात वर गेला की सासूबाईंच्या औषधाची वेळ आठवते.

तुम्ही छत्तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलंत. लाकूड कुठे हार मानतं ते मला लिहून कळवा.

तब्येतीला जपा. रेवतीवहिनींना नमस्कार.

तुमची,
मंजू


परतवाडा
६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मंजूस,
अ. उ. आ.

इकडील सर्व क्षेम. मी अगदी मजेत आहे. कान गेले ते गेलेच. श्रवणयंत्र शिट्ट्या मारतं म्हणून डबीत ठेवलं आहे आणि तुम्ही दिलेला मोबाइल त्या डबीला सोबत म्हणून शेजारी. त्यामुळे शेजारच्या रेवतीवहिनींच्या मिक्सरचाही मला आता त्रास नाही. पत्र लिहिणारी लेक आहे, मग बाकीचं ऐकायचं काय राहिलं.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ हसलो. आयुष्यभर मी पोरांना लाकूड जोडायला शिकवलं आणि माझीच पोर सत्तेचाळिसाव्या वर्षी ते फोडायला शिकते आहे. असो. विचारलंस म्हणून सांगतो. फळीच्या अंगावर ज्या रेषा असतात, त्यांच्या दिशेनेच ती फाटते. सुतार फळी कापताना रेषा लांबीत ठेवतो, कारण त्याला ती टिकायला हवी असते. तुला ती टिकायला नको आहे. तेव्हा रेषा विटांना समांतर येतील अशी फळी ठेव, आणि गाठ असलेली फळी मुळीच घेऊ नकोस.

पण मला धाकधूक वाटते ती तुझ्या हाताची. त्या उजव्या हातावर एक म्हातारी, एक नवरा आणि सरकारचं एक टेबल चालतं. बाजारची फळी कसली निघेल सांगता येत नाही. माझ्याकडे जुन्या पेट्यांचं चांगलं वाळलेलं पाइन पडून आहे. सरावापुरत्या नऊ फळ्या मीच करून पाठवतो. बैतूलवरून भोपाळला जाणाऱ्या बसमध्ये ठेवीन, परागला स्टँडवरून उतरवून घ्यायला सांग.

दमतेस फार. अधूनमधून बसत जा, उभ्याने जेवू नकोस.

तुझे,
बाबा


भोपाळ
१५ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फुटल्या.

फळ्या मिळाल्या तेव्हा फोडवेनात, इतक्या देखण्या होत्या. कडा घासलेल्या, कोपरे मारलेले. पराग म्हणाला, ह्यांचं पुस्तकांचं शेल्फ करू या. मग एका रविवारी मागच्या अंगणात विटा मांडल्या. आधी एक ठेवली, ती फुटली. मग दोन ठेवल्या, त्याही फुटल्या. गेल्या रविवारी तीन ठेवल्या आणि बाबा, एका फटक्यात तिन्ही. मला वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून आज उरलेल्या तीन मांडल्या. त्याही गेल्या. हाताला फारसं लागलंसुद्धा नाही. सुरीने कापावेत तसे सरळ तुकडे पडले, एक कुसळ नाही. तुम्ही रेषांचं सांगितलंत तेच खरं असणार.

सासूबाईंचा पलंग खिडकीशी आहे. त्यांनी सगळं पाहिलं आणि आणखी फोड म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांनी औषध सोडून काही मागितल्याचं मला आठवत नाही. परागने दोन्ही दिवस टाळ्या वाजवल्या. रोज ऑफिसातून येताना पाय ओढत यायची, आता येते तेव्हा मनात परीक्षेचा विचार असतो आणि रस्ता लवकर संपतो. दमणूक तेवढीच आहे, पण तिला आता काहीतरी कारण आहे.

बॅचमधल्या विनिताने आत्ताच सांगून ठेवलं आहे की जानेवारीपासून मला मॅडम म्हणणार. मी रागावले, पण मनातून बरं वाटलं. हे सगळं तुमच्यामुळे झालं.

अशीच माया राहू द्या.

तुमची,
मंजू


परतवाडा
२५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मंजूस,
अ. उ. आ.

इकडील सर्व क्षेम. मी मजेत.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. सासूबाईंचा मजकूर मी दोनदा वाचला.

आता माझ्या फळ्यांवर विसंबू नकोस. क्लासच्या फळ्यांवर हात चालव, सर सांगतील तसं कर. परीक्षेत माझ्या फळ्या नसणार. हे विसरू नकोस, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. पाऊस लांबल्यामुळे अक्षर जरा वाकडंतिकडं आलं आहे.

तुझे,
बाबा


भोपाळ
२२ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा परीक्षा झाली. मी नापास झाले.

बाकी सगळ्यात चांगले गुण पडले. शेवटी फळ्या मांडल्या. मी इतकी निश्चिंत होते की पुढे होताना मला हसू येत होतं. हात मारला, एक फुटली आणि बाकीच्या दोन जिथल्या तिथे. दुसरी संधी मिळाली, त्यात एकही फुटली नाही. तळहात तेव्हाच सुजायला लागला होता. सर नंतर म्हणाले की मी वरच्या फळीलाच मारते, तिथेच माझा हात थांबतो. तिसऱ्या फळीच्या खालच्या जमिनीला मारायचं असतं. जुलैत येत नव्हतं तेव्हासुद्धा मी ह्यापेक्षा जास्त जोर लावत होते म्हणे. असं कसं झालं ते त्यांनाही कळेना.

तुम्ही क्लासच्या फळ्यांवर सराव कर म्हणून लिहिलं होतं. केला नाही. वेळ नव्हता हे एक, आणि गरज वाटली नाही हे खरं. चूक माझीच.

दोन दिवस डाव्या हाताने सासूबाईंना कूस बदलून देते आहे. त्यांना त्रास होत असणार. क्लासच्या बायका समजुतीने वागल्या, त्याचाच जास्त शीण आला. सरांनी संस्थेकडे शब्द टाकला आणि एक डिसेंबरला फक्त फळ्यांची फेरपरीक्षा ठरवून घेतली. ती शेवटची, त्याच्या दुसऱ्या दिवशी सर निघणार. बाबा, आणखी नऊ फळ्या कराल का? तुमच्या फळ्या माझ्या हाताला मानवतात. परत एकदा तसं तिन्ही फुटताना पाहिलं की माझा धीर परत येईल.

उत्तर लवकर पाठवा.

तुमची,
मंजू


परतवाडा
३० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मंजूस,
अ. उ. आ.

तू फळ्या मागितल्यास म्हणून हे लिहिणं भाग आहे. मागितल्या नसत्यास तर कदाचित लिहिलं नसतं, हेही आधीच कबूल करतो.

त्या नऊच्या नऊ फळ्या मी मधोमध कापून पुन्हा जोडलेल्या होत्या. रेषेच्या बरोबर वर करवत चालवली, कड रंधून घेतली आणि सरस पातळ करून फक्त दोन टोकांना लावला. वरून पॉलिशपेपर मारला. त्या फळ्या लहान मुलाच्या हातानेही फुटल्या असत्या.

तुझं जुलैचं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, हिच्या हाताला काही झालं तर त्या घराचं काय होईल. आणि वाटलं की माझ्या मुलीच्या आयुष्यात एक तरी गोष्ट पहिल्या झटक्यात व्हावी. तुला जरा उभारी येईल आणि मग खऱ्या फळ्याही जमतील, असा माझा हिशेब होता. तो चुकला. माझ्या फळ्यांनी तुला कमी जोर लावायला शिकवलं. सरांना जे कळलं नाही ते हे.

आणखी एक सांगतो, म्हणजे सगळं सांगून होईल. सप्टेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा मला दोन आनंद झाले. एक तुझा होता. दुसरा असा की तुकडे हातात घेऊनही माझ्या मुलीला जोड दिसला नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं. मला ह्याची लाज वाटते.

तू रागावणार. रागाव.

तुझे,
बाबा


भोपाळ
११ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,

नमस्कार.

दिवाळी संपल्यावर तुमचं पत्र आलं आणि पाच दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं. परागला दाखवलं नाही. सासूबाई अजून विचारतात, फळ्या केव्हा फोडणार. त्यांना काय सांगू?

मला भांडायचं त्राण नाही म्हणून थोडक्यात लिहिते. माझा हात मोडला असता तर चाललं असतं. तो बरा झाला असता. आता मी क्लासमध्ये साधी एक फळी फोडते आणि फुटली तर आधी तिच्या कडेचा वास घेऊन बघते, सरसाचा आहे का म्हणून. बारा बायकांसमोर. सरांना काय झालं ते सांगितलं, ते हसले नाहीत, पण हसले असते तर बरं झालं असतं. रोज हात पाण्यात बुडवून बसते आणि मनात येतं की आजवर मला जे जमलं त्यातलं किती खरं होतं. नोकरीची परीक्षा मी पास झाले, की तुम्ही कोणाला भेटून आला होतात? लग्नाच्या वेळी पराग मला बघून हो म्हणाला, की तुम्ही काही बोलला होतात? ह्या प्रश्नांची उत्तरं नकोत. फक्त एकाचं द्या.

प्रत्येक पत्रात तुम्ही मजेत असता. गेलं पत्र सोडून. त्यात तुम्ही तब्येतीबद्दल काहीच लिहिलं नाही आणि मला ते वाचताना चुकल्यासारखं झालं. तुम्ही खरंच मजेत आहात का? जोड न देता लिहा.

मंजू


परतवाडा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मंजूस,
अ. उ. आ.

नोकरी तुझी तू मिळवलीस. परागही तुला बघूनच हो म्हणाला, मी फक्त चहा दिला होता. ह्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तू ठरव.

मी मजेत नाही. गणपतीच्या आधी न्हाणीघरात पडलो. डोक्याला टाके पडले, ते निघाले. पण तेव्हापासून उजव्या हाताची मूठ मिटत नाही. करवत धरता येत नाही, घास डाव्या हाताने घेतो. पाऊस लांबल्यामुळे अक्षर बिघडल्याचं लिहिलं होतं ते खोटं. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. रेवतीवहिनी डबा देतात. तुला कळवायचं नाही म्हणून मी त्यांच्याकडून वचन घेतलं आहे, त्यांना बोल लावू नकोस. तू नव्या फळ्या मागितल्यास तेव्हा खऱ्या करून पाठवाव्यात असं फार वाटलं. करता येत नव्हत्या.

एकट्याने राहायची मला भीती वाटायला लागली आहे. हे तुझ्या आईलाही मी कधी असं सरळ सांगितलं नसतं. तुझ्याकडे एक अंथरुणाला खिळलेलं माणूस आहेच, दुसरं कशाला, असं वाटून इतके दिवस क्षेम लिहीत आलो.

परीक्षेला जा. माझा विचार करू नकोस असं लिहिणार होतो, पण करशीलच.

तुझे,
बाबा


भोपाळ
३ डिसेंबर २०२४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी आलं. वाचून लगेच रेवतीवहिनींना फोन केला. त्या आधी रडल्या आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. आज इथे गॅसकांडाच्या स्मृतिदिनाची सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहिते आहे. पत्र स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे माझ्या आधी पोचेल.

परीक्षेचं सांगते. पहिल्या फटक्यात दोन फुटल्या, तिसरी तशीच. दुसऱ्या आणि शेवटच्या फटक्यात मी खरोखर जमिनीला मारलं. वरच्या दोन्ही गेल्या आणि तिसरीला तडा गेला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पण ती तुटून वेगळी झाली नाही. परीक्षक बाहेरगावचे होते, वयस्कर, सज्जन. सरांनी त्यांना बॅचचं सांगून ठेवलेलं असणार. त्यांनी माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं, सुजलेल्या हाताकडे पाहिलं. मग ती फळी उचलली, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच वाकवली, ती कट्‌ करून सुटली. दोन तुकडे वर धरून ते हॉलला म्हणाले, हो गया. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विनिता तर रडायलाच लागली.

आणि मला तुम्ही आठवलात. राग नाही आला, तुम्हीच आठवलात, अंगठ्याने सरस लावताना. मी म्हणाले, “सर, मुझसे नहीं टूटा. आपने तोड़ा है.”

टाळ्या थांबल्या. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की मॅडम, विचार करा, बॅच बंद पडेल. मी म्हणाले, केला आहे. खरं तर केला नव्हता. त्यांनी कागदावर नापास लिहिलं. पुढची परीक्षा मार्चमध्ये आहे.

कालपासून बॅच बंद आहे. सर इंदूरला गेले. विनिता माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाली की भाभी, तुम्हाला एकदा फक्त गप्प राहायचं होतं. ती चुकीचं बोलत नाही. बारा जणींचा तो तास होता आणि मी तो एकटीच्या मर्जीने घालवला. काल सहा वाजता मी घरी होते आणि सहा ते सातमध्ये मला चार हाका आल्या. मार्चला पुन्हा उभी राहीन का, ते आज सांगता येत नाही. फार थकले आहे. पण तो तडा मी पाडला होता बाबा, तो कोणी मला दिलेला नव्हता. संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं की तिसरी फुटली नाही, नुसती तडकली. त्या म्हणाल्या, बरं. मग म्हणाल्या, हात दाखव.

पराग शुक्रवारपासून चार दिवस घरी आहे, सासूबाईंचं तो बघेल. मी शनिवारी दुपारपर्यंत पोचते. आधी डॉक्टरांकडे जाऊ. भोपाळला यायचं की नाही ह्यावर तिथे बसून भांडू, पण तुमची तयारी असो नसो, मी तुमचे कपडे भरणार आहे. खाट सासूबाईंच्या खोलीत बसते, मी मोजून बघितली. तुम्ही दोघं मिळून मला दमवाल हे मला माहीत आहे आणि तरी या. माझा उजवा हात सुजला आहे, तुमचा मिटत नाही, त्यामुळे तिथे दोन दिवस पोळ्या होणार नाहीत, भात लावू.

शनिवारी दाराला आतून कडी लावू नका. तुम्हाला थाप ऐकू येणार नाही, आणि दिसली मी तर घाईने उठाल आणि पुन्हा पडाल. बसल्या जागी बसून राहा. दार ढकलून मी आत येईन.

तुमची,
मंजू